भीमथडीचे तट्टू आणि दूरचा पल्ला

गेल्या महिन्यात माझा पुतण्या एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि काहीसा संकोचून म्हणाला, "काका, तुमच्या वाचनात व्यत्यय आणतो आहे, पण एका गोष्टीत सल्ला पाहिजे." पुण्याहून निघावयाचे, राजस्थान व पंजाब ओलांडून काश्मीरमार्गे लेहला पोहोचावयाचे आणि परतताना नेपाळची तराई पाहून घरी यावयाचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी मोटारसायकल कोणती घ्यावी, हा त्याचा प्रश्न. हातात चार कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके होती व त्यांतल्या सर्वांत महाग, सर्वांत वजनदार आणि सर्वांत वेगवान वाहनावर त्याचे मन बसलेले आहे, हे मला त्याच्या बोटाच्या हालचालीवरूनच कळले. मी म्हणालो, "अरे, पेशव्यांच्या पागेविषयी विचारशील तर मी दोन शब्द सांगू शकेन. यंत्रांतले मला काय कळते?" तो हसून म्हणाला, "मग पागेविषयीच सांगा." आजचे हे भाषण म्हणजे त्या संध्याकाळच्या बोलण्याचाच थोडा विस्तार आहे.

पुण्याहून नगरच्या रस्त्याने गेले म्हणजे दीड-दोन तासांत शिरूर येते. जुनी माणसे त्यास अद्यापि घोडनदीच म्हणतात, कारण गाव त्या नदीच्या काठी आहे. नदीच्या नावाचा घोड्याशी संबंध लावण्याचा मोह मला अनेकदा झाला. पण पुराव्यावाचून तसे म्हणणे बरे नव्हे, म्हणून तो मी आवरतो. ही घोड पुढे भीमेस मिळते. आणि पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीने निघाले म्हणजे भीमेच्याच काठी दौंड लागते. इंग्रज ते 'धोंड' असे लिहीत. दौंडचा पेटा पूर्वी ज्या तालुक्यात मोडे त्याचे सरकारी नावच मुळी भीमथडी होते. थडी म्हणजे नदीकाठ. शिरूरपासून दौंडपर्यंतचा आणि तेथून खाली बारामती-इंदापूरकडे पसरलेला हा मुलूख पावसाच्या बाबतीत कमनशिबी. नदीकाठी काळी जमीन, वर मुरमाड माळ, ज्वारीचे पीक आणि कडब्याच्या गंजी. माणसाला येथे कष्ट पडतात. घोड्याला मात्र अशी कोरडी हवा, टणक भुई आणि मोकळे माळ मानवतात. खूर दगडावर घासून घट्ट होतात आणि पोट थोडक्यात भागविण्याची सवय लहानपणापासूनच लागते.

या काठावर जे जनावर तयार झाले ते भीमथडीचे तट्टू. उंचीने बेताचे, सुमारे १३० सेंटिमीटरच्या आसपास. छाती भरलेली, पाय सडपातळ पण हाडापेराने मजबूत. दिसावयास राजबिंडे म्हणावे असे त्यात फारसे काही नाही. पूर्वी अरबस्तान, इराण इत्यादी देशांतून समुद्रमार्गे घोडे येत, त्यांचे रक्त स्थानिक तट्टांत मिसळून ही जात घडली असे मानतात. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून मान मिळाला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. गंमत अशी की ज्या भाषेने त्यांस गीतात बसविले, तिनेच 'भाड्याचे तट्टू' हा शब्दप्रयोग शिवीसारखा रूढ केला. 'घोडा' म्हटले की मिरवणूक डोळ्यांपुढे येते आणि 'तट्टू' म्हटले की ओझे. इतिहासात मात्र मिरवणुकीच्या घोड्यांनी फार दूरचे प्रवास केल्याचे दिसत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदार आपला घोडा आपणच आणी, आपणच पोशी, आणि त्याच्यावरच त्याची रोजी अवलंबून असे. घोडा लंगडा झाला म्हणजे शिलेदाराची शिलेदारीच लंगडी झाली. सरकारी पागेस उंची घोडा परवडेल. शिलेदाराने घोडा निवडताना काय पाहिले असेल? तो वाऱ्यासारखा पळतो काय, हे नव्हे. ज्या गावी मुक्काम पडेल तेथे जे मिळेल ते तो खाईल काय? हरभरा नसेल तर कुळथावर, कुळीथ नसेल तर कडब्यावर आणि कडबाही नसेल तर बांधावरच्या हराळीवर तो दोन दिवस काढील काय? नाल पडला तर आडगावचा नालबंद तो ठोकू शकेल काय? आणि दिवसभर दुडकी चाल चालून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठेल काय? पुतण्याला मी म्हणालो, "घोडे येथेच पेंड खाते. तुझ्या माहितीपत्रकांत वेग लिहिला आहे, अश्वशक्ती लिहिली आहे. पण मोडल्यावर ते कोण दुरुस्त करील आणि त्याचे पैसे कोण देईल, हे कोठेच लिहिलेले नाही. तू बारगीर नव्हेस, बाबा. तू शिलेदार आहेस."

या साध्या निवडीवर मराठ्यांच्या दूरच्या हालचाली उभ्या होत्या. १७३७ च्या वसंतात बाजीरावाने मोगलांच्या मोठ्या फौजांना बगल देऊन मेवातच्या डोंगराळ वाटेने एकाएकी दिल्लीच्या वेशीशी धडक मारली. त्या मोहिमेचा वृत्तांत त्याने स्वतः चिमाजीअप्पास पत्राने कळविला आहे. ग्रँट डफने नोंदलेली एक आख्यायिका आपण ऐकली असेल. निजामाने आपल्या चित्रकारास सांगितले की बाजीराव ज्या स्थितीत प्रथम दिसेल, त्याच स्थितीत त्याचे चित्र काढून आण. चित्र आले ते असे: स्वार घोड्यावर बसलेला, भाला खांद्याला टेकलेला, लगाम सैल सोडलेला, घोडा बांधावयाची अगाडी-पिछाडी तोबऱ्यात कोंबलेली, आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून तो चालता चालता खातो आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात प्रवासाच्या सामानाची जी यादी आहे तीच मला महत्त्वाची वाटते. तोबरा, दोऱ्या, भाला आणि शेतातले धान्य. यापलीकडे काही नाही. लांबच्या वाटेवर सोबत एखादा कोतल घोडा असे, म्हणजे मोकळा चालविलेला राखीव घोडा. आजच्या भाषेत सुटे भाग म्हणावे ते हेच.

१७५८ साली याच पद्धतीने राघोबादादांच्या फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत गेल्या. पुण्यापासून ते अंतर सव्वा हजार मैलांहून कमी नाही. दोनच वर्षांनी, १७६० च्या मार्चमध्ये पटदूरहून निघालेल्या भाऊसाहेबांच्या लष्कराने दिल्ली घेतली ती ऑगस्टात. त्यांच्याबरोबर जड तोफा होत्या, बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. पानिपतचे सारे खापर सामानावर फोडणे हा अन्याय होईल. यमुनेचा पूर, मित्रांची कुचराई, पैशाची चणचण, अशी त्याची कारणे पुष्कळ आहेत. परंतु घोडा तोच असला तरी त्याच्या मागे काय बांधले आहे यावर त्याची चाल ठरते, एवढे त्यावरून खास दिसते. आपल्या भाषेत निरुपयोगी सामानाला 'खोगीरभरती' म्हणतात, तो शब्द उगीच आलेला नाही. पुतण्याच्या यादीत तीन धातूच्या पेट्या, घडीची खुर्ची आणि कॉफी करण्याचे एक यंत्र होते. त्यातील खुर्ची त्याने माझ्यासमोरच खोडली. कॉफीच्या यंत्राविषयी तो काही बोलला नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि शिलेदाराची गरज संपली. परंतु भीमथडीचा घोडा त्याच वर्षी संपला नाही. त्याच्यावर दुसरे एक संकट आले, ते सुधारणेचे. आणि या सुधारणेची कथा शिरूर-दौंडच्या इतिहासातले मला सर्वांत बोधप्रद प्रकरण वाटते.

शिरूर हे इंग्रजांचे मोठे लष्करी ठाणे होते. १८१७ साली उभारलेले पुणे इर्रेग्युलर हॉर्स, म्हणजेच पुढचे 'पूना हॉर्स', या घोडदळाचा मुक्काम तेथे दीर्घकाळ होता. याच पलटणीचे स्वार १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या लढाईत होते व तेथे मिळालेल्या निशाणावरचा रुपेरी पंजा पुढे त्यांचे मानचिन्ह झाला. शिरूर तालुक्यातच आलेगाव पागा नावाचे गाव आहे. नावातली पागा काय सांगते ते उघड आहे. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेगावी घोड्यांची सरकारी पैदास आरंभिली. हेतू वाईट नव्हता. इंग्रजी घोडदळाला उंच, रुंद पाठीचा, साहेबाला त्याच्या साऱ्या सरंजामासह वाहून नेईल असा घोडा पाहिजे होता, आणि भीमथडीचे तट्टू त्या मापात बसत नव्हते. म्हणून अरबी व विलायती घोडे आणून देशी घोड्यांस लावावयाचे, उंची वाढवावयाची, चाल वाढवावयाची. पुढे आलेगावचा प्रयोग बंद पडला. तरी दख्खनभर पैदाशीचे सरकारी घोडे ठेवण्याचे धोरण शतकाच्या अखेरपर्यंत चालूच राहिले.

मिश्रण हे पाप आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. वर सांगितलेच की भीमथडीची जातच मिश्रणातून झाली. फरक एवढाच की पूर्वीचे मिश्रण पिढ्यानुपिढ्या चालले आणि त्यातला कोणता घोडा ठेवावयाचा, हे ठरवीत होता त्यावर बसून सिंधूकडे जाणारा माणूस. नंतरचे मिश्रण ठरविले मोजपट्टीने. मोजपट्टीला उंची कळते. तोबऱ्यात काय पडते, हे तिला कळत नाही. उंच झालेल्या घोड्याला दाणा जास्त लागला, मोतद्दार लागला, झूल लागली, तबेला लागला. आणि कुणब्याला व किरकोळ व्यापाऱ्याला तो परवडेनासा झाला. इकडे लहान तट्टाला सरकारी गिऱ्हाईक उरले नाही. भरीस भर म्हणून १८६० च्या सुमारास पुण्याहून सोलापूरपर्यंत लोहमार्ग गेला, १८७८ साली दौंडाहून मनमाडची शाखा फुटली आणि ज्या वाटांवर तट्टांचे तांडे माल वाहत, त्या वाटांवरचा व्यापार गाडीच्या डब्यांत चढला. दौंड हे नाव घोड्याऐवजी जंक्शनासाठी प्रसिद्ध झाले. कुरणेही हळूहळू नांगराखाली गेली.

शिलेदारी मात्र एका रूपाने उरली होती. हिंदी घोडदळाच्या बहुतेक पलटणींत स्वाराने आपला घोडा व सरंजाम आपल्या पैशांनी उभा करावयाचा, ही पद्धत इंग्रजांनी आमच्याकडूनच उचलली आणि तिला नावही तेच ठेवले. १९१४ साली या पलटणी फ्रान्सकडे निघाल्या, तेव्हा ती मोडली. आपल्या मुलखात मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा आणणे शिलेदारास जमे. सात समुद्रांपलीकडे चिखलात मेलेल्या घोड्याचे काय करावयाचे? युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास पलटणींची पुनर्रचना झाली आणि शिलेदारी कायमची गेली. त्याच युद्धात घोड्यांच्या शेजारून टपालाचे लखोटे घेऊन धावणारे एक नवे वाहन लष्करात रूढ झाले, ते म्हणजे मोटारसायकल. आमच्या लहानपणी तिला 'फटफटी' म्हणत.

फटफटीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात तोच वाद पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने सर्वाधिक वापरलेल्या वाहनांपैकी एक, बी.एस.ए. एम-२०. तिचे यंत्र तेव्हाच जुनाट म्हटले जाई. ५०० घनसेंटिमीटरांचे असून शक्ती तेरा अश्वांच्या आसपास. तिच्याहून चपळ गाड्या पुष्कळ होत्या. पण ती कसलेही पेट्रोल पचवी, मैदानात बसून उघडता येई, आणि म्हणून अशा सव्वा लाख गाड्या तयार झाल्या. त्याच्याही आधी, १९३४ च्या डिसेंबरात, थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज तरुणी पँथर नावाच्या गाडीवरून लंडनहून निघाल्या, आणि साऱ्या सहारा वाळवंटातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपटाउनला, १९३५ च्या जुलैत पोहोचल्या. वाळवंटात यंत्राने दगा दिला. तेव्हा ते उघडून पुन्हा उभारावे लागले. वॉलॅक ही यंत्रविद्या शिकलेली होती आणि ते यंत्र असे होते की शिकलेल्या माणसाला त्यातले काय मोडले, हे डोळ्यांनी दिसावे. या दोन्ही गोष्टी जमल्या म्हणून प्रवास पुरा झाला.

आपल्याकडे हाच मान बुलेटला मिळाला. रॉयल एनफिल्ड कंपनीची ही गाडी मूळची इंग्रजी; १९५० नंतरच्या काही वर्षांत आपल्या लष्कराने तिची मागणी नोंदविली आणि १९५५ साली मद्रासला तिच्यासाठी कंपनी निघाली. पुढे विलायतेतला कारखाना बंद पडला, तरी मद्रासचा चालूच राहिला आणि जवळजवळ तेच यंत्र, ७० मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर धावेचे, पाच दशके थोड्याफार फरकाने घडवीत राहिला. तिच्यातून तेल गळे. तिला सुरू करताना पायाचा घोटा सांभाळावा लागे. कित्येकदा ती तापे, रुसे. परंतु गाव कितीही आडवळणी असो, तिचा स्वभाव ओळखणारा एखादा मिस्त्री तेथे हटकून सापडे. नालबंदाची जागा त्याने घेतली होती.

येथे स्वतःची एक फजिती सांगतो. १९७९ च्या डिसेंबरात माझ्या एका मित्राने विलायती बनावटीची जुनी मोटारसायकल मिळविली होती. दिसावयास देखणी, दोन सिलिंडरांची, आवाज असा की गल्लीतली मुले धावत यावीत. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडकडे आम्ही दोघे निघालो होतो. न्हावऱ्याच्या अलीकडे ती एकाएकी थांबली. मित्राने पाऊण तास खटपट करून निदान केले की कंडेन्सर गेला. चार-पाच रुपयांची वस्तू. मी एका सायकलस्वाराच्या मागे बसून शिरूरला परत गेलो. तेथे बुलेटचा कंडेन्सर होता, राजदूतचा होता, जावाचा होता, आमचा नव्हता. मिस्त्री भला माणूस. त्याने दुसऱ्याचा कंडेन्सर तार लावून बसवून पाहण्याची तयारी दाखविली, पण मित्राला ते आपल्या गाडीच्या इभ्रतीला शोभेसे वाटले नाही! परिणामी आम्ही बाभळीखाली बसून एखाद्या मालमोटारीची वाट पाहू लागलो.

ऊन उतरले तशी शेळ्यामेंढ्यांची खांडवे घेऊन धनगरांची दोन बिऱ्हाडे त्या रस्त्याने आली. मेंढरांच्या मागे चार तट्टे होती. प्रत्येकाच्या पाठीवर सारा संसार: वाघूर, हांडी, पिठाची पोती, आणि एकाच्या पाठीवर गाठोड्यांच्या बेचक्यात बसविलेले लहान मूल व शेजारी कोंबडी. म्हातारा धनगर थांबला, गाडीकडे पाहिले आणि विचारले, "काय खाती ही?" मित्र म्हणाला, "पेट्रोल." म्हाताऱ्याने आजूबाजूच्या शेतांवर नजर टाकली, जणू ते कोठे उगवले आहे काय हे तो पाहत होता, आणि काही न बोलता पुढे गेला. अंधार पडल्यावर गुळाच्या एका मालमोटारीत गाडी चढवून आम्ही दौंडला पोहोचलो, तेव्हा ती बिऱ्हाडे वाटेत उतरून तीन दगडांवर भाकरी भाजीत बसलेली दिसली.

म्हणून १९८३ साली राजदूत नावाखाली ३५० घनसेंटिमीटरांची एक जपानी धाटणीची अतिवेगवान गाडी बाजारात आली, तेव्हा माझे तरुण मित्र हरखले तरी मी गप्पच राहिलो. मूळचे राजदूत म्हणजे पोलिश नमुन्यावर बेतलेले, १७५ घनसेंटिमीटरांचे, दूधवाल्यांचे आणि ग्रामसेवकांचे वाहन. नाव तेच ठेवून त्यात अरबी रक्त घातले, असे म्हणा ना! गाडी अप्रतिम होती, हे मान्य केले पाहिजे. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्यासाठी भारी किंमत मोजतात. पण तिची तहान मोठी आणि सुटे भाग महाग. दशक संपता संपता तीही संपली. याच काळात, १९८५ साली, हीरो होंडाची शंभराला तीन कमी घनसेंटिमीटरांची चार-धावी सी.डी. १०० आली. तिच्यावरून कोणी गाणे रचले नाही. पण वजनाने शंभर किलोंच्या आसपास, थेंबभर पेट्रोलवर कोस चालणारी ही गाडी दहा वर्षांत गावोगाव पोहोचली आणि तिच्यामागून तिच्या भावंडांचे सुटे भागही वाण्याच्या दुकानापर्यंत गेले. मला विचाराल तर भीमथडीच्या तट्टाची खरी वारस बुलेट नव्हे, ही आहे. बुलेटचे अभिमानी मजवर रागावतील; रागावोत.

येथवर आल्यावर पुतण्याने मला अडविले, आणि ते योग्यच केले. तो म्हणाला, "काका, तुम्ही जुन्याला साधे समजता. लडाखात साडेसतरा हजार फुटांवर खर्दुंगला आहे. तेथे हवा विरळ. जुना कार्बुरेटर तेथे पेट्रोल जास्त आणि हवा कमी देतो, गाडी गुदमरते. नव्या गाडीतले संगणकाचे इंजेक्शन हवेचे मान ओळखून आपोआप पेट्रोल कमी करते." मला यावर उत्तर नव्हते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकली इंजेक्शनच्याच झाल्या आहेत आणि त्या वाटेत क्वचितच अडतात, हेही मी चौकशी करून घेतले. साधे म्हणजे जुने, हे समीकरण मी सोडून दिले. वाहन क्वचित मोडावे, ही एक खात्री; मोडल्यास जेथे मोडले तेथे उभे करता यावे, ही दुसरी. नवी यंत्रे पहिली खात्री फार चांगली देतात. दुसरीत ती उणी पडतात, कारण त्यांचा संवेदक बिघडला म्हणजे निदानासाठी वेगळे यंत्र लागते आणि ते कंपनीच्या दुकानातच असते. तेव्हा ज्या कंपनीची दुकाने वाटेवर जागोजाग आहेत तिची नवी गाडी घेणे, हाही शिलेदाराचाच विचार झाला. नालबंद गावात आहे की तालुक्याला, एवढाच प्रश्न उरतो.

वजनाच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही. त्याच्या मनातली गाडी अडीचशे किलोंच्या घरातली होती. वाळूत किंवा ओढ्यात ती आडवी झाली तर तुला एकट्याने उठविता येईल काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "येईल." मग मी त्याला अंगणातल्या माझ्या भाच्याच्या गाडीवर, जिचे वजन पावणेदोनशे किलोंहून अधिक नसेल, प्रयोग करावयास लावले. ती पाडताना त्याला काही कष्ट पडले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आज भीमेच्या खोऱ्यातच जगभर जाणाऱ्या मोटारसायकली तयार होतात. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली निघाला. तेथे ऑस्ट्रियन के.टी.एम. नावाच्याही गाड्या घडतात, आणि २०२३ पासून इंग्रजी ट्रायम्फ नावाच्या लहान गाड्याही. जुन्या भीमथडी तालुक्यातल्या बारामतीस पियाजिओ या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. तेथून व्हेस्पा निघतात आणि एप्रिलिया मोटारसायकलीही. परदेशातील मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या लहान, हलक्या, एक-दोन सिलिंडरांच्या गाड्या घडविण्यासाठी हेच खोरे निवडावे, याचे कारण येथला मिस्त्री व येथला लोहार-सुतार, असे म्हणण्याचा मोह मला होतो.

आणि तट्टू? ते नाहीसे झाले आहे असे माझ्यासारख्या पुस्तकी माणसांनी गृहीत धरले होते. ज्यांच्यासाठी ते मुळात कधी सुधारले गेलेच नाही, त्या धनगरांनी ते मेंढरांच्या मागे चालवीत जिवंत ठेवले होते. पुणे, सोलापूर, सातारा आणि नगर या जिल्ह्यांतल्या त्यांच्या तांड्यांतील तट्टांची मापे शास्त्रज्ञांनी घेतली, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ च्या सुमारास भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. आलेगावच्या पागेत जी मोजपट्टी हाती होती, तीच या वेळी वेगळ्या कामी आली. जात नोंदली म्हणजे जगलीच असे नाही; कुरणे कमी होत आहेत आणि धनगरांची मुले टेंपोतून बिऱ्हाड हलवू लागली आहेत. तो टेंपोही कोणी तरी परवडतो म्हणूनच घेतो, त्यांस दोष कसा द्यावयाचा?

पुतण्याने अखेर एका सिलिंडरची, हवेने निवणारी, आरे असलेल्या चाकांची गाडी घेतली आहे. आरे असलेल्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झाले तर ती कोठेही काढून ठिगळ लावता येते, हे त्याला पटले. निघण्यापूर्वी मी एक अट घातली. सारे सामान बांधून पहाटे पुण्याहून निघावयाचे, शिरूरवरून न्हावऱ्याच्या वाटेने दौंड गाठावयाचे, आणि वाटेत एका बाभळीखाली मागच्या चाकाची ट्यूब कोणाच्याही मदतीवाचून काढून पुन्हा बसवावयाची. त्याने मान्य केले आहे. येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. मी मागे भाच्याच्या गाडीवर. हवा भरावयाचा पंप पायाचा घ्यावा की विजेचा, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही, आणि कॉफीचे यंत्र अजून यादीत आहे.